कंसातलं नाव

सातबाऱ्यावर माझं नाव पाच महिने होतं. माझे वडील, आण्णा, 2009 च्या पावसाळ्यात गेले. तेरावं उरकल्यावर दादाने मृत्यूचा दाखला तलाठ्याकडे नेऊन दिला, वारसनोंदीचा फेरफार पडला, आणि आई, दादा, मधला भाऊ यांच्या नावांखाली आम्हा दोघी बहिणींची नावं आली. तो उतारा हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत राहिले. शिरूर तालुक्यातलं ते रान मी लहानपणापासून तुडवलेलं. तिथल्या विहिरीत पोहायला शिकले, तिथल्या मटकीच्या शेंगा तोडल्या, दहावीच्या सुट्टीत तिथेच खुरपणीला गेले. पण त्या गट नंबराशेजारी आपलं नाव येऊ शकतं, हे तोवर मनाला शिवलंही नव्हतं.

मार्गशीर्षात माझा हिस्सा सोडून दिल्याचं हक्कसोडपत्र झालं. पुढच्या उताऱ्यात माझ्या नावाला कंस पडला. तेव्हा नाव कमी झालं की तलाठी त्याला कंस करायचा. पुसायचा नाही, वाचता यायचं, पण धरायचं नसायचं.

या कंसाबद्दल मला बरीच वर्षं लिहायचं होतं. राहून गेलं, कारण त्यात माझ्या कामाचाही भाग आहे. शेती आणि गावं यांच्या पाहण्या करणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. माझं नाव सातबाऱ्यावर होतं त्या पाच महिन्यांतही मी इंदापूर, दौंडकडच्या गावांत फॉर्म घेऊन हिंडत होते. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुखाचं नाव, दुसऱ्या पानावर धारण क्षेत्र. जिरायत किती, बागायत किती, पोटखराबा किती. बाई दारात असली तर हात पुसत म्हणायची, ‘मालकांना इचारा. आम्हाला काय त्यातलं?’ मग मी मालकांची वाट बघत ओट्यावर बसायचे. तोवर त्याच बाईकडून मला कळायचं, की ओढ्याकडच्या तुकड्यात यंदा हरभऱ्याला घाटे धरले नाहीत, खुरपणीला रोज काय चाललाय आणि किती बाया लागल्या, कोणत्या वाफ्यात पाणी तुंबतं. हे सगळं तिला ठाऊक. क्षेत्र तेवढं मालकांना विचारायचं.

पाहण्यांच्या या कामातलं पहिलं मोठं पुस्तक मी वाचलं ते हॅरॉल्ड मान यांचं. मान हे पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं आणि त्याचा घर न् घर, शेत न् शेत हिशेब मांडला. तो 1917 मध्ये छापून आला. पुढे 1921 मध्ये ना. वि. कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला. ते आमच्याच शिरूर तालुक्यातलं, कोरडवाहू. पिंपळे सौदागरचे आकडे मला आजही पाठ आहेत. 1771 मध्ये सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, 40 एकर. 1818 मध्ये साडेसतरा. 1820 ते 1840 च्या दरम्यान 14. आणि 1914-15 मध्ये 7. 156 खातेदारांचे 729 तुकडे, त्यातले 463 एक एकराहून लहान. 103 कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर भागत होतं फक्त 8 जणांचं. आणखी 28 घरं बाहेरच्या मजुरीची जोड देऊन तग धरून होती. उरलेल्या 67 घरांचा मेळ कशानेच बसत नव्हता.

शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी घराघरात जाऊन इतकं साधं विचारलं, की बाबा, या जमिनीवर तुझं भागतं का, आणि उत्तर आलं ते जसंच्या तसं छापलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला मान यांच्याविषयी कायम आदर वाटत आलाय.

पिंपळे सौदागरचं पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, सत्तावीस वर्षांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी पिंपळे सौदागरचे हे आकडे घेतले आहेत. त्यांचं म्हणणं त्या काळच्या बहुतेकांपेक्षा वेगळं होतं. धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती आणि माणसं किती, यावर ठरतं. तुकडे सांधून दुखणं बरं होणार नाही, कारण खरं दुखणं म्हणजे जमिनीवर पडलेला माणसांचा भार. तो उतरवायचा तर कारखानदारी वाढली पाहिजे. हा निबंध मी तीनदा वाचला, आणि प्रत्येक वेळी आमच्या घरची वाटणी डोळ्यांपुढे आली.

ती वाटणी 1978 सालची. मी लहान होते, पण पंच बसलेले आठवतात. आजोबांची सोळा एकर, मुलगे तीन. ओढ्याकाठची काळी सहा एकर, विहिरीखालची मध्यम चार एकर, वरचा मुरमाड माळ सहा एकर. पुस्तकातला माणूस म्हणेल, एकाला काळी द्या, एकाला मधली, एकाला माळ, आणि कमीजास्त पैशांत भागवा. गावातला कुणीही असं म्हणणार नाही. पंचांनी सरस-निरस पाहिलं आणि तिन्ही जागी तीन-तीन पट्टे पाडले. प्रत्येकाला काळीतले दोन एकर, विहिरीखालचे त्रेपन्न गुंठे आणि माळावरचे दोन एकर. तिघा भावांचे नऊ तुकडे. चिठ्ठ्या टाकल्या, शेजारच्या पोराने उचलल्या. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पट्टे लांब आणि अरुंद पडले, कारण प्रत्येकाचं एक टोक पाटाला आणि एक टोक गाडीवाटेला लागायला हवं होतं.

कागदावर हे वेड्यासारखं दिसतं. आमच्याकडे मात्र त्याला न्याय म्हणतात. परतीचा पाऊस हुकला की काळीतली रब्बीची ज्वारी जाते, पण तोवर माळावरची बाजरी-मटकी घरात आलेली असते. पाऊस फार झाला तर काळी चिबडते, माळ तरतो. तीन ठिकाणी रान असणं म्हणजे एका वर्षात सगळंच बुडणार नाही याची तजवीज. तुकडे एकत्र करण्याच्या सरकारी योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तरी लोकांनी बांध मनातल्या जागीच ठेवले, त्याचं कारण हेच. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. त्यातलं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, सरकारला खाली आणावं लागलं, आणि 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत ते बागायतीला 10 गुंठे, जिरायतीला 20 गुंठे इतकं आहे. राज्याची सरासरी धारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 हेक्टर भरली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकर. पिंपळे सौदागरला दीड शतकात धारणा साधारण सहाव्या हिश्श्यावर आली होती, अख्ख्या महाराष्ट्रात ती पंचेचाळीस वर्षांतच तिसऱ्या हिश्श्यावर आली.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या स्वयंपाकघराबद्दल. पंच सोप्यात बसले होते आणि आत माझी आत्या पुरण वाटत होती. वाटणीच्या दिवशी पंचांना गोडाचं जेवण असतं, म्हणून तिला मुद्दाम माहेरी आणलेलं. आजोबांचं चौथं अपत्य ती. सोळाला तीननेच का भागलं हे कुणी विचारलं नाही, तीही बोलली नाही. आजोबा गेल्यावर एक माणूस कागद घेऊन तिच्याकडे गेला, तिचा अंगठा घेऊन आला. घरात कुणाला ही सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. मलाही ती कळली फार नंतर.

आत्याला दिली होती बारामतीकडे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालच्या गावात. त्या काळी आमच्या भागातून तिकडे सोयरीक म्हणजे लांबची. आजोबा म्हणायचे, ‘पोरगी पाण्यात दिलीय.’ 1972 च्या दुष्काळात आमच्या गावातली माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती, रेशनवर लाल मिलो खात होती, आणि दावणीची जनावरं बाजारात मातीमोल जात होती. तेव्हा आत्याच्या मालकांनी उसाचं वाढं आणि कडब्याच्या पेंढ्या भरून गाडी पाठवली. ती एकदा नाही, तीनदा आली. वर ज्वारीची दोन पोती. आमची बैलजोडी त्या वाढ्यावर जगली. पुढच्या मृगाला गावात ज्यांच्याकडे पेरायला स्वतःची बैलं होती, अशा थोड्या घरांत आमचं घर होतं.

नोकरीला लागल्यावर मी एक शोधनिबंध वाचला आणि मला आत्याची ती गाडी दिसली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने 1975 पासून कोरडवाहू गावांच्या पाहण्या सुरू केल्या. महाराष्ट्रातली सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावं त्यात होती. सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण. या पाहण्यांचं वेगळेपण असं, की पाहणी करणारा गावातच राहायचा. प्रत्येक गावात चाळीस घरं, दर काही आठवड्यांनी तेच प्रश्न, वर्षामागून वर्षं. आमच्यासारखं दोन तासांत फॉर्म भरून एसटी गाठणं नाही. या माहितीवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 मध्ये दाखवलं, की ज्यांच्या शेतीचं उत्पन्न जास्त हेलकावे खातं ती घरं लेकी लांब देतात. एका आभाळाखाली सगळी सोयरीक नको. इकडे पाऊस हुकला तर तिकडे पडलेला असेल. आणि अशी सोयरीक असलेल्या घरांत वाईट वर्षीही खाण्यापिण्याची ओढाताण कमी होते.

लेक म्हणजे दुष्काळाचा विमा. त्यांनी ते गणिताने सिद्ध केलं, माझ्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं होतं. पण विम्याच्या हप्त्यापोटी आत्याला काय मिळालं, हे ना निबंधात आहे ना आमच्या घरच्या कागदांत. नागपंचमीला मुराळी यायचा, दिवाळीला ओवाळणी असायची, मुलाच्या लग्नात मामाचा आहेर झाला. माहेर तुटू नये म्हणून तिने अंगठा दिला, असं ती मला म्हातारपणी म्हणाली. ‘जिमीन घेतली असती तर कुणाच्या दारात गेले असते गं?’ हे सांगताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

आता माझ्या सहीचं सांगते. आण्णांच्या वाट्याचे पाच एकर तेरा गुंठे. आई, दोन भाऊ, दोन बहिणी, असे आम्ही पाच वारस. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला, 2005 मध्ये देशभर तोच कायदा आला. म्हणजे माझ्या नावचे एक एकर दोन गुंठे होत होते. दादा काही वाईट माणूस नाही. आमच्या दोघींच्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची शाळा सोडली. एका संध्याकाळी त्याने आम्हाला ओट्यावर बसवलं आणि म्हणाला, ‘आधीच केवढंसं रान. त्याचे पाच तुकडे केले तर कुणाचीच चूल पेटायची नाही.’

मी लगेच मान डोलावली. एवढंच नाही, धाकटी गप्प बसलेली पाहून मीच तिला समजवायला लागले. मान यांचे आकडे सांगितले, चाळीसचे सात कसे झाले ते सांगितलं, न परवडणारी धारणा म्हणजे काय ते सांगितलं. शिकलेलं सगळं त्या ओट्यावर मांडलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘दोघा भावांत केली की वाटणी, आणि आपलं नाव आलं की तुकडे. हे तुझ्या पुस्तकात कुठे लिहिलंय?’

पुस्तकात ते नव्हतं. चाळीसचे साडेसतरा झाले, चौदा झाले, सात झाले, त्या प्रत्येक उतरणीत फक्त भाऊ मोजलेले होते. त्या सगळ्या पिढ्यांतल्या बहिणींना एक गुंठाही न देता जमीन सातवर आली होती. म्हणजे तुकडे बहिणींनी केले नव्हते. तरी दर पिढीत तुकड्यांची भीती घालून सही मागितली जाते ती बहिणीची. मला हे त्या ओट्यावर कळलं, आणि तरीही आठ दिवसांनी मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही केली. वहिनीने मला पैठणीच्या काठाची साडी दिली. दादाचे डोळे भरून आले होते. धाकटीने सही केली नाही.

माझी सही चुकली, असं मला वाटतं. जमिनीपायी नव्हे, एक एकर दोन गुंठ्यांचं मी काय केलं असतं कोण जाणे. ज्या विद्येवर माझं पोट आहे ती मी धाकटीच्या हक्काविरुद्ध वापरली, हे मला सलतं. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. ज्या गावात शंभर जण करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. त्या शेतकऱ्यांची रानंही मोठी नव्हती, पण तुकड्याची सबब त्यांनी सांगितली नाही. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

आज मी पिंपळे सौदागरला राहते, हा निव्वळ योगायोग. नोकरी, मुलांची शाळा, नवऱ्याचं हिंजवडीतलं ऑफिस, यातून घर इथे झालं. नवव्या मजल्यावरून खाली मोठे रस्ते आणि सोसायट्यांच्या भिंती दिसतात. बांध कुठेच दिसत नाही. आंबेडकरांनी सांगितलेली कारखानदारी इथे आधी पिंपरीत आली, 1982 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, मग आयटी पार्क आलं. मान यांनी मोजलेले सातशे तुकडे कायद्याला सांधता आले नाहीत, ते इमारतींखाली सांधले गेले. आणि जमीन पिकायची थांबली तसा बहिणीच्या सहीला भाव आला. या भागातल्या कितीतरी घरांतून ऐकते: बिल्डरचे वकील जुने फेरफार काढून बसतात, तीस वर्षांपूर्वी दिल्याघरी गेलेली आत्या शोधून काढतात, तिच्या नातवंडांचीही संमती घेतात. पीक होतं तोवर ज्या नावाला कंस पुरत होता, त्या नावासाठी आता गाडी पाठवतात.

धाकटीचे बेचाळीस गुंठे अजून तिच्याच नावावर आहेत. भाऊ पाच वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मग विहिरीच्या नव्या वीजजोडणीला सगळ्या खातेदारांची संमती लागली, दादा स्वतः तिच्या घरी गेला, तिने चहा केला आणि सही दिली. आता तिचं रान दादाच वाट्याने करतो आणि दरवर्षी तिच्या दारात ज्वारी उतरवतो. आईच्या आजारपणात सगळ्यांत जास्त धाकटीच राबली. माहेर तुटलं नाही. मला ती भीती आत्याकडून आली होती, तिला आली नव्हती.

देशात वहिती करणाऱ्या खातेदारांत बायका शंभरात जेमतेम चौदा, आणि त्यांच्याकडचं रान शंभरात बारा वाटेही नाही, असं 2015-16 ची गणना सांगते. हा आकडा मी दर अहवालात लिहिते. ज्या बायकांच्या नावांना कंस पडले त्यांचा हिशेब मात्र कुठल्याच तक्त्यात नसतो.

म्हणून गेल्या वर्षीच्या पाहणीत मी भांडून फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: घरातल्या बहिणी किती, आणि हक्कसोड झालं असेल तर कोणत्या साली. सहकारी म्हणाले, लोक चिडतील. चिडलं कुणी नाही, थबकले मात्र बरेच. इंदापूर तालुक्यातल्या एका घरी पंचाहत्तरीचे बाबा होते. पाण्याच्या पाळ्या, कांद्याचा भाव, सोसायटीचं कर्ज, सगळं तोंडपाठ. या प्रश्नाला ते थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली, दाराकडे वळून म्हणाले, ‘अगं ए, आक्काची सही कवा घेतली आपुन?’

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

‘थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या साली,’ बाई म्हणाली. ‘मीच नव्हते का गेले लुगडं घ्यायला. हिरवं घेतलं हुतं. तिला पायजे हुतं जांभळं.’

मी बाबांकडून लग्नाचं साल विचारून घेतलं, एक वजा केलं आणि रकान्यात लिहिलं. लुगड्याचा रंग समासात लिहिला, दोन्ही रंग लिहिले.